अभावाची राखण

ज्या वस्तूवर माणसाची निष्ठा जडलेली असते ती डोळ्यांसमोरून नाहीशी झाल्यावर त्या निष्ठेला आधार कशाचा उरतो, हा प्रश्न धर्मचिंतनात विरहभक्तीच्या अंगाने पुष्कळ चर्चिला गेला आहे. परंतु माणसाने घडवलेल्या, गंजणाऱ्या आणि मोडणाऱ्या वस्तूंच्या बाबतीतही तो तितक्याच गांभीर्याने विचारावा लागतो. वारसा रेल्वे, म्हणजे व्यापारी उपयोग ओसरल्यानंतरही जुनी इंजिने, डबे, मार्ग आणि ते सारे चालवण्याचे कसब जपण्यासाठी टिकवलेली रेल्वे, हे याचे बोलके उदाहरण आहे. गाडी धावत असते तोवर अशा रेल्वेला पैसा आणि श्रम देणारे समर्थक आपसूक गोळा होतात. पूर, दरड, पुलाची दुरुस्ती किंवा पैशाची चणचण यांमुळे ती थांबली की त्यांना धरून कसे ठेवायचे, ही चालकांची मोठी विवंचना होऊन बसते. या व्यावहारिक विवंचनेच्या तळाशी मात्र एक तात्त्विक प्रश्न आहे, तो असा की बंद पडलेल्या रेल्वेचे समर्थक नेमके कशाला धरून असतात.

या प्रश्नाची उकल करण्यासाठी न्याय-वैशेषिक दर्शनातील अभावविचार उपयोगी पडतो. अन्नंभट्टाच्या 'तर्कसंग्रहा'त द्रव्य, गुण, कर्म इत्यादी सात पदार्थ सांगितले असून त्यांत अभाव हा सातवा आहे. म्हणजे 'नसणे' हेही जगातील एक वास्तव आहे, असे हे दर्शन मानते. अभाव नेहमी कशाचा तरी असतो आणि तो ज्याचा असतो त्याला प्रतियोगी म्हणतात. अंगणात घागर नाही, हे ज्ञान होण्यासाठी घागर म्हणजे काय हे आधी ठाऊक असावे लागते. ज्याला ते ठाऊक नाही त्याला अंगण दिसेल, घागरीचा अभाव दिसणार नाही. अभावाचे चार प्रकार मानले आहेत. वस्तू निर्माण होण्यापूर्वीचा अभाव तो प्रागभाव. त्याला आरंभ नसतो, पण वस्तू निर्माण होताच त्याचा अंत होतो. वस्तू नष्ट झाल्यावरचा अभाव तो प्रध्वंसाभाव. त्याला आरंभ असतो, पण अंत नसतो. तिन्ही काळी नसणे हा अत्यंताभाव, आणि एक वस्तू दुसरी नसणे हा अन्योन्याभाव होय.

वेल्समधील फेस्टिनिऑग रेल्वेच्या इतिहासात या भेदाचे महत्त्व स्पष्ट दिसते. 1832 च्या कायद्याने मंजूर झालेली आणि 1836 मध्ये सुरू झालेली ही सुमारे दोन फूट रुंदीची रेल्वे डोंगरातील खाणींतून निघणारा पाटीचा दगड पोर्थमाडोग बंदरापर्यंत पोहोचवत असे. मार्गाचा उतार इतका नेमका राखलेला होता की भरलेल्या वाघिणी स्वतःच्या भारानेच खाली येत आणि आरंभीच्या काळात घोडे रिकाम्या वाघिणी पुन्हा वर ओढून नेत. त्यासाठी ते घोडे उतरताना त्याच गाडीला जोडलेल्या खास वाघिणीत उभे राहून प्रवास करीत. दगडाची मागणी घटली, दुसऱ्या महायुद्धाने उरलेसुरले बळ खच्ची केले आणि 1 ऑगस्ट 1946 रोजी वाहतूक थांबली. मूळ कायद्यात मार्ग कायमचा सोडून देण्याची तरतूदच नसल्यामुळे रूळ उखडून विकता आले नाहीत, आणि ते काटेरी झुडपांखाली जिथल्या तिथे पडून राहिले.

त्या झुडपांखालच्या रुळांकडे पाहणाऱ्या दोन व्यक्तींची कल्पना करावी. पहिलीच्या दृष्टीने 1946 ची शेवटची गाडी गेली आणि तिच्यामागे प्रध्वंसाभाव उरला. तिला आरंभ कळतो, अंत दिसत नाही. दुसरीच्या दृष्टीने जी फेरी अद्याप निघालेली नाही तिचा हा प्रागभाव आहे, आणि प्रागभावाला अंत असतो. रूळ तेच, शांतता तीच. तरीही दोन्ही दृष्टी आपापल्या परीने खऱ्या आहेत, कारण गेलेली फेरी खरोखर परत येत नाही आणि येणारी फेरी खरोखर अजून झालेली नाही. ज्याला निष्ठावंत समर्थक म्हणायचे तो नुकसान नाकारत नाही. झालेले नुकसान पूर्ण मान्य करूनही तो पुढच्या फेरीच्या बाजूने उभा राहतो. 1951 मध्ये ब्रिस्टल येथे लिओनार्ड हीथ हम्फ्रीस या किशोरवयीन मुलाने या रेल्वेसाठी सभा बोलावली तेव्हा तिथे जमलेल्या मंडळींनी ही दुसरी दृष्टी स्वीकारली, आणि 1954 मध्ये अ‍ॅलन पेग्लर यांच्या पुढाकाराने कंपनीचा ताबा त्यांच्या बाजूला आला.

यातून चालकांचे पहिले कर्तव्य निघते, ते म्हणजे प्रतियोगीचे ज्ञान जिवंत ठेवणे. काय नाही हे ज्याला तपशिलाने ठाऊक आहे त्यालाच त्याचे नसणे जाणवते. म्हणून बंदच्या काळात समर्थकांना केवळ मदतीची आवाहने पाठवत राहणे पुरत नाही. कोणत्या पुलाचा कोणता दगड सरकला आहे, इंजिनाच्या बॉयलरमधील कोणत्या नळ्या बदलायच्या आहेत, उतारावर ब्रेक कसा लावत, हे सांगत राहिले तर गाडीचे रूप मनात पुसट होत नाही. जे थोडे चालवता येईल ते चालवणे हा याच ज्ञानाचा सर्वांत सबळ आधार असतो. 23 जुलै 1955 रोजी फेस्टिनिऑगची गाडी पुन्हा निघाली ती पोर्थमाडोगच्या कॉब नावाच्या बंधाऱ्यावरून बोस्टन लॉज या कारखान्यापर्यंत, म्हणजे जेमतेम मैलभर. तिला ओढण्यासाठी वाफेचे इंजिनही तयार नव्हते, एका लहान सिम्प्लेक्स इंजिनाने ती ओढली. तेवढ्या मैलाने उरलेल्या बारा-साडेबारा मैलांचा अभाव लोकांच्या डोळ्यांपुढे आणला.

महाराष्ट्रातील वाचकाला याचा पडताळा नेरळ-माथेरान मार्गावर मिळतो. 1907 मध्ये सुरू झालेली ही घाटातील छोटी गाडी जुलै 2005 च्या अतिवृष्टीनंतर 2007 पर्यंत बंद होती, आणि 2019 च्या पावसाने मार्गाची पुन्हा हानी केल्यावर नेरळपासूनची पूर्ण फेरी ऑक्टोबर 2022 मध्येच सुरू झाली. मधल्या काळात डोंगरमाथ्यावर अमन लॉज ते माथेरान ही छोटी फेरी मात्र चालवली गेली. इथली रेल्वे स्वयंसेवकांची नाही, सरकारी आहे, आणि मोटारींना बंदी असलेल्या गावात तिच्याशी लोकांचे नाते हौसेइतकेच गरजेचेही आहे. तरीही खंडित मार्गाचा चालता तुकडा सबंध मार्गाची आठवण धरून ठेवतो, हे तत्त्व दोन्हीकडे सारखेच लागू पडते.

ज्ञानाच्या जोडीला कर्म लागते. फेस्टिनिऑगच्या पुनरुज्जीवनाला हात घातला जात असतानाच तान-अ-ग्रिसियाय येथील जलविद्युत प्रकल्पासाठी मार्गाच्या वरच्या भागातील जमीन घेतली गेली आणि पुढे तो भाग जलाशयाखाली गेला. नुकसानभरपाईचा वाद 1972 पर्यंत रेंगाळला. परंतु स्वयंसेवकांनी निकालाची वाट पाहिली नाही. 1965 पासून त्यांनी डिआल्टच्या एकाकी डोंगरात कुदळ, फावडे आणि घण घेऊन सुमारे अडीच मैलांचा नवा वळणमार्ग खोदायला घेतला. जलाशयाच्या वर जाण्याइतकी उंची गाठण्यासाठी तिथे मार्ग एक पूर्ण वेढा घेऊन स्वतःच्याच डोक्यावरून जातो. पुढे मोएलविन डोंगरात नवा बोगदा पाडावा लागला. 1978 मध्ये गाडी तान-अ-ग्रिसियायला आणि 25 मे 1982 रोजी ब्लायनाय फेस्टिनिऑगला पोहोचली. गीतेने सांगितलेला कर्मयोग, म्हणजे फळावर हक्क न सांगता केलेले कर्म, इथे अगदी ठोस रूपात दिसतो. 1965 मध्ये पहिला दगड फोडणाऱ्याला आपण त्या फेरीत बसू याची कोणतीही हमी नव्हती. समर्थकाला हातात घेण्याजोगे काम दिले की त्याची निष्ठा वाट पाहण्याच्या शिणातून सुटते, हे या सतरा वर्षांचे सार आहे.

इथे दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की डोंगरातला अडीच मैलांचा भाग नवाच असताना ही तीच रेल्वे कशी म्हणायची. 'हे तेच आहे' या ओळखीला न्यायदर्शनात प्रत्यभिज्ञा म्हणतात. बौद्ध आचार्यांनी अशी ओळख भ्रामक मानली, कारण दिव्याची ज्योत क्षणोक्षणी नवी असूनही एकच भासते. रेल्वेपुरते याचे उत्तर असे देता येईल की तिचे एकत्व केवळ लोखंडात कधीच नव्हते, कारण धावत्या रेल्वेतही रूळ, स्लीपर आणि बॉयलर बदलतच असतात. ते एकत्व मार्गाच्या हेतूत, चालवण्याच्या रीतीत आणि तिला ओळखणाऱ्या माणसांच्या अखंड साखळीत असते. बंदच्या काळात ही साखळी तुटली तर जुन्या लोखंडावर धावणारी गाडीसुद्धा नवी ठरेल.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. आशा ही आसक्ती असून बंद रेल्वेचे चालक त्या आसक्तीवर पैसा उभा करतात, असे म्हटले जाऊ शकते. हा आक्षेप खोडून काढण्याचा एकच मार्ग आहे आणि तो सत्याचा आहे. पुन्हा सुरू होण्याची तारीख ठाऊक नसताना ती जाहीर करणे आणि ती हुकली की दुसरी जाहीर करणे, यात समर्थकाच्या श्रद्धेचा उपभोग घेतला जातो. काम कुठे अडले, किती पैसा कमी पडतो आणि कोणती परवानगी मिळालेली नाही हे जसेच्या तसे सांगणे, यात त्याच्या विवेकाचा मान राखला जातो. खोट्या तारखेवर पोसलेली निष्ठा मोह ठरते, तर अडचण पुरती जाणून टिकलेली निष्ठा व्रतासारखी असते.

नैयायिक प्रागभावाला कार्याच्या कारणांमध्ये गणतात, ही त्यांच्या विचारातील अत्यंत सूक्ष्म बाब आहे: जे अजून झालेले नाही त्याचे 'अजून न होणे' हेही ते होण्याचे एक कारण आहे. परंतु ते एकटे कारण पुरेसे नसते. घट व्हायला माती लागते आणि चाकाशी बसलेला कुंभारही लागतो, आणि कुंभार उठून गेला तर घटाचा प्रागभाव तसाच राहतो. बंद रेल्वेच्या बाबतीत रूळ ही माती आहे आणि समर्थक हा कुंभार आहे. म्हणून त्याला सांभाळणे हे रेल्वे सुरू झाल्यावर करायचे काम नाही. ती सुरू होण्याच्या कारणांपैकी ते एक कारण आहे, आणि झुडपांखाली रूळ दिसेनासे झालेले असतात तेव्हाच त्याची खरी गरज असते.