केलं कोणी, फेडलं कोणी

प्रतिपक्षाचं मत खोडताना नैयायिकांपासून वेदान्त्यांपर्यंत अनेकांनी दोन दोषांवर बोट ठेवलं: कृतनाश आणि अकृताभ्यागम. केल्या कर्माचं फळ चुकता कामा नये आणि न केलेल्या कर्माचं फळ कुणाच्या माथी येता कामा नये. बुडती बँक करदात्यांच्या पैशातून तारली जाते तेव्हा बहुधा दोन्ही दोष एकदमच घडतात.

ब्रिटनची रॉयल बँक ऑफ स्कॉटलंड घ्या. 2008-09 मध्ये सरकारने तिच्यात सुमारे 45.5 अब्ज पौंड ओतले. शेवटचे शेअर विकून सरकार बाहेर पडलं मे 2025 मध्ये, तेही सुमारे 10 अब्ज पौंडांची खोट खाऊन. बँकेचे तेव्हाचे प्रमुख फ्रेड गुडविन यांची ‘सर’ ही पदवी 2012 मध्ये गेली. खटला मात्र चालला नाही. पेन्शनवरून गदारोळ उठल्यावर त्यांनी ती कमी करून घेतली. कमी म्हणजे वर्षाला सुमारे 3.4 लाख पौंड!

त्याच संकटात अमेरिकेत बँकांना दिलेले सुमारे 245 अब्ज डॉलर लाभासह परत आले. हिशेब जुळला, पण घरं गेली ती लाखो सामान्य कर्जदारांची.

भारतात 2016-17 ते 2020-21 या काळात सरकारी बँकांना 3 लाख कोटींहून अधिक भांडवल मिळालं, त्यातलं बरंचसं रोख्यांतून. सरकारने रोखे काढायचे, बँकांनीच ते ठेवीदारांच्या पैशातून घ्यायचे आणि तीच रक्कम भांडवल म्हणून बँकांकडे परत यायची. वरवर पाहता कुणाच्याच खिशाला हात लागत नाही. व्याज मात्र अर्थसंकल्पातून जातं, म्हणजे बिस्किटाच्या पुड्यावर जीएसटी भरणाऱ्याकडूनही. 2023-24 मध्ये या बँकांनी सुमारे 1.4 लाख कोटींचा नफा कमावला, सरकारला लाभांशही दिला, हेही खरं.

मग बँका बुडू द्याव्यात का? सप्टेंबर 2019 मध्ये पीएमसी बँकेवर निर्बंध आले, तेव्हा सुरुवातीला सहा महिन्यांसाठी खात्यामागे फक्त 1,000 रुपये काढायची मुभा होती. बँकेला बुडवणारी, एचडीआयएल या बांधकाम कंपनीला दिलेली कर्जं काही त्या ठेवीदारांनी वाटली नव्हती. अकृताभ्यागम तिथेही झालाच, आणि तो मोजक्या घरांवर कोसळला. तोच भार साऱ्या समाजाने वाटून घेणं त्यामानाने सुसह्य, म्हणून बँका तारण्याला विरोध करता येत नाही.

कृतनाश टाळणं मात्र सरकारच्या हाती असतं. भांडवल देतानाच बेफिकिरीने कर्जं वाटणाऱ्यांचे बोनस परत घेण्याची आणि बुडव्यांच्या मालमत्तेतून वसुलीची अट घातली गेली नसेल, तर पैसे व्याजासह परत आले तरी करदात्याला रास्त मोबदला मिळाला असं म्हणता येणार नाही.