शंकेचा फायदा कोणास?

पैनगंगेच्या खोऱ्यातील फुलसावंगी हे महागाव तालुक्यातले गाव. येथून मुंबईस जावयाचे म्हणजे अवघा महाराष्ट्र आडवा ओलांडणे आले. समजा, या गावचा एक तरुण विसाव्या वर्षी सैन्यात भरती झाला. सरकारी डॉक्टरांनी त्याची छाती मोजली, डोळे तपासले आणि देह निर्दोष असल्याचा दाखला दिला. नऊ-दहा वर्षांनी त्याच देहास अपस्माराने ग्रासले. वैद्यकीय मंडळाने त्यास नोकरीस अपात्र ठरविले आणि निरोपाच्या कागदावर एक ओळ लिहिली की, हा विकार सैनिकी नोकरीमुळे जडलेला नाही व तिच्यामुळे बळावलेलाही नाही. एवढ्या एका ओळीने त्याचे विकलांगता निवृत्तिवेतन बुडते. तो अपील करतो, ते फेटाळले जाते. दुसरे करतो, त्याचीही तीच गत होते.

हा प्रसंग कल्पित असला तरी नवलाईचा नव्हे. सिग्नल दलातील एका शिपायाचा जवळजवळ असाच दावा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि 2 जुलै 2013 रोजी त्याचा निकाल शिपायाच्या बाजूने लागला. न्यायालयाने बोट ठेवले ते 1982 सालच्या नियमांवर. भरतीच्या वेळी ज्या विकाराची नोंद झाली नाही तो नोकरीतच उद्भवला असे सामान्यतः मानावे, पात्रता सिद्ध करण्याचा भार अर्जदारावर टाकू नये आणि वाजवी शंका उरल्यास तिचा फायदा त्यासच द्यावा, असे त्या नियमांत स्पष्ट होते. विकार नोकरीमुळे नव्हे असे म्हणावयाचे असेल तर मंडळाने कारणे दिली पाहिजेत. येथे कारणच दिलेले नव्हते.

आम्हांस या निकालात कायद्याहून अधिक रस आहे तो त्यामागील नैतिक प्रश्नाचा. अपस्मार कशाने होतो हे पुष्कळदा वैद्यकशास्त्रासही सांगता येत नाही. मंडळावरील डॉक्टर अप्रामाणिक असतात असे आम्ही म्हणत नाही. ज्या प्रश्नास उत्तरच नाही त्याचे 'होय' किंवा 'नाही' असे उत्तर त्यांच्याकडून मागितले जाते, ही खरी अडचण आहे. जेथे सत्य कळण्याचा मार्ग नाही तेथे चूक होणारच. मग ती कोणाच्या पदरी पडावी?

सरकारच्या बाजूने बोलण्यासारखे पुष्कळ आहे आणि ते झटकून टाकणे बरे नाही. तिजोरी सरकारची नसून लोकांची आहे. फुलसावंगीच्या शेतमजुराने काडेपेटी घेतली तरी तीत कराचा अंश असतो. मधुमेह व रक्तदाब हे विकार नागरी जीवनातही घरोघर आढळतात. शिवाय 10 डिसेंबर 2014 च्या निकालानंतर वीस टक्के विकलांगताही वेतनाच्या हिशेबात पन्नास धरली जाऊ लागली, तेव्हा मोह वाढणे स्वाभाविकच. महालेखापरीक्षकांच्या 2023 मधील अहवालात अशा वेतनासह निवृत्त होणाऱ्यांत अधिकाऱ्यांचे प्रमाण शिपायांच्या दुपटीहून अधिक दिसले. ज्यांच्या पाठीवर ओझे अधिक त्यांच्या वाट्यास हे वेतन कमी का यावे, हे आम्हांस उलगडत नाही. नियम जाणणारास नियमांचा लाभ अधिक होतो, एवढाच तर्क आम्ही करतो.

तरीही आमचे मत शिपायाच्याच बाजूस झुकते, आणि ते केवळ अनुकंपेने नव्हे. गिरणीतील कामगारास काम झेपेनासे झाले तर तो सोडून जाऊ शकतो, संघ स्थापून भांडू शकतो. सैनिकाचे हे हक्क मर्यादित करण्याची मुभा राज्यघटनेच्या 33 व्या अनुच्छेदाने संसदेस दिली आहे. त्याने कोठे उभे राहावे, कोणत्या थंडीत किती रात्री जागाव्या, हे सरकार ठरविते. त्यास पारखून घेतले सरकारने, त्याच्या आजाराचे कागद जपले सरकारने, शेवटचा दाखलाही सरकारचाच. ज्याच्या हाती सारा पुरावा त्यानेच समोरच्यास 'पुरावा आण' म्हणावे, हा न्याय कसला? ब्रिटनने हा भार महायुद्धाच्या ऐन मध्यात, 1943 साली, सैनिकाच्या शिरावरून काढून सरकारवर ठेवला. पुढे 1947 साली मिलर यांच्या दाव्यात न्यायमूर्ती डेनिंग यांनी फौजदारी खटल्यातील निःशंकतेची कसोटी सरकारला लावली. चोराला जो शंकेचा फायदा आपण बिनतक्रार देतो तो सैनिकाला देताना मात्र आपला हात आखडतो!

आमच्याकडे तर एक काळ असा होता की, मंडळाने रोगी तपासून ठरविलेली टक्केवारी अलाहाबादच्या हिशेब खात्याचे वैद्यकीय सल्लागार रोग्यास न पाहताच खाली आणीत. सर्वोच्च न्यायालयाने 1993 साली ही प्रथा चुकीची ठरविली.

याहून अवघड प्रश्न सरकारने करावयाच्या अपिलांचा. 2007 च्या कायद्याने सशस्त्र दल न्यायाधिकरण आले, 2009 साली ते सुरू झाले, आणि आमच्या फुलसावंगीकरासाठी त्याचे खंडपीठ मुंबईस आहे. तेथे तो जिंकला म्हणजे संपले असे नाही. मनोहर पर्रीकर संरक्षणमंत्री असताना 2015 साली नेमलेल्या तज्ज्ञ समितीने अशी अपिले आवरती घ्यावीत असे सुचविले; तरी ती होत राहिली. त्याच वर्षी उच्च न्यायालयाचा मार्ग बंद झाला होता. 21 मार्च 2023 च्या निकालाने तो पुन्हा मोकळा झाला. पण दार उघडले ते दोघांसाठी, आणि त्यातून रिट अर्ज घेऊन सरकारही जाऊ लागले. शिपायाचे वय मात्र निकालाची वाट पाहत थांबत नाही.

एखादा कायद्याचा प्रश्न खरोखर अनिर्णित असेल तर सरकारने तो वर न्यावा. आमची तक्रार नाही. पण मग त्याचा खर्च सरकारने सोसावा, आणि प्रश्न सुटेतो न्यायाधिकरणाने मंजूर केलेले वेतन त्या घरी दरमहा पोचत राहावे. अखेर निकाल उलटला तर ती रक्कम बुडीत खाती टाकावी. सप्टेंबर 2023 पासून नवे पात्रता नियम लागू झाले आहेत. त्यांखालील दावे वरपर्यंत पोचावयास काही वर्षे लागतील, तोवर निदान एवढे करण्यास कोणत्याही कायद्याची आडकाठी असेल असे आम्हांस वाटत नाही.