ठिपक्याची साक्ष

मोबाइलच्या पडद्यावरील निळा ठिपका आपले स्थान दाखवितो, असे आपण धरून चालतो. वस्तुतः तो एक अंदाज असतो. निजामपुऱ्यातील आमच्या गच्चीवर, उघड्या आकाशाखाली, हा अंदाज पाच-सात मीटरांत बसतो. आतल्या खोलीत उपग्रहांचे संदेश क्षीण होतात, भिंतींवरून परावर्तित होतात, आणि ठिपका शेजाऱ्यांच्या अंगणात जाऊन बसतो. केवळ टॉवरवरून काढलेले स्थान तर शहरात काही शे मीटरांनी आणि खेड्यापाड्यांत काही किलोमीटरांनीही चुकू शकते.

ठिपक्याभोवती एक फिकट वर्तुळ असते. आमच्या मते त्या चित्रातील सर्वांत प्रामाणिक भाग तोच. अँड्रॉइडच्या व्याख्येनुसार खरे स्थान त्या वर्तुळात असण्याची शक्यता ६८ टक्के. म्हणजे साधारणतः तीनांतून एकदा आपण वर्तुळाबाहेरच! सरकारी दप्तरात जमिनीच्या चतुःसीमा लिहिलेल्या असत. वाद उद्भवल्यास पूर्वेचा व पश्चिमेचा शेजारी साक्षीस येई. ठिपक्याला असा शेजारी नाही.

मग प्रमादाचा भार कोणी वाहावा? जेवण पोहोचविणारा मुलगा दोन गल्ल्या हिंडतो तेव्हा तो त्याच्या पायांवर पडतो, आणि वर आपण त्याच्यावरच रागावतो. रुग्णवाहिका चुकली तर तो रुग्णावर, न्यायालयात आरोपीवर. २०१९ साली डेन्मार्कमध्ये फोनच्या स्थानविषयक माहितीत दोष आढळले, तेव्हा १०,००० हून अधिक प्रकरणे फेरतपासणीस घ्यावी लागली व अशा पुराव्याचा वापर दोन महिने स्थगित झाला. आपल्याकडे ८ जुलै २०२४ रोजी न्या. अभय ओक व न्या. उज्जल भुयान यांच्या पीठाने, गूगल नकाशावरील पिन तपास अधिकाऱ्यास देण्याची जामिनाची अट रद्द केली. सतत पाळत हा खाजगीपणाच्या हक्काचा भंग, हे मुख्य कारण. परंतु अशा पिनने माणसाचा क्षणोक्षणीचा माग लागतच नाही, असे खुद्द गूगलनेही न्यायालयास कळविले होते!

आमच्या पिढीतील अनेकांची मुले परदेशी बसून आईवडिलांचा ठिपका पाहतात व निश्चिंत होतात. ठिपका फोनचा असतो. फोन उशाशी आणि म्हातारा न्हाणीघरात पडलेला, असेही घडू शकते. म्हणून आम्ही घरी सांगून ठेवले आहे, की ठिपका खुशाल पाहा, परंतु संध्याकाळी आवाजही ऐका. आणि रुग्णवाहिकेस पिन धाडली तरी गल्लीचे नाव व जवळच्या देवळाची खूण तोंडी सांगा.