उदार नियम, आखडता हात

कायदा कठोर असतो आणि तो राबवणारा माणूस प्रसंगी दयेने त्याची धार बोथट करतो, अशी आपली सर्वसाधारण समजूत आहे. शब्बाथाच्या दिवशी वाळलेल्या हाताच्या माणसाला बरे करणाऱ्या प्रभू येशूची कथा आपण याच अर्थाने वाचत आलो आहोत. परंतु याच्या उलट प्रकारही घडतो. नियम करुणेने लिहिलेला असतो आणि तो लागू करणारा हात मात्र आखडतो. सैनिकांच्या आजारपणाविषयीचे नियम आणि त्यांचा प्रत्यक्ष वापर पाहताना हा प्रश्न आम्हाला अस्वस्थ करतो.

सेवेत असताना जवान आजारी पडून कायमचा अधू झाला, तर त्याला अपंगत्व-निवृत्तिवेतन मिळू शकते. त्यासाठी अपंगत्व किमान वीस टक्के असावे लागते, आणि ते लष्करी सेवेमुळे उद्भवलेले किंवा सेवेमुळे बळावलेले असावे लागते. हे ठरवतो मेडिकल बोर्ड. १९८२ च्या पात्रता-नियमावलीत याविषयी मोठी माणुसकी होती. भरतीच्या वेळी ज्या आजाराची नोंद झाली नाही तो सेवेत उद्भवला, असे गृहीत धरावे. पुराव्याचे ओझे जवानावर टाकू नये. वाजवी शंका असेल तर तिचा लाभ त्यालाच द्यावा. सशस्त्र दलांच्या वैद्यकीय विनियमांतील ४२३ व्या नियमाचा सूरही हाच होता. आजार रणभूमीवर जडला की शांततेच्या छावणीत, याने फरक पडत नाही, असे तो सांगत होता.

प्रत्यक्षात काय घडले? धरमवीर सिंह हे जवान १९८५ मध्ये भरती झाले. अपस्माराच्या विकारामुळे १९९४ मध्ये त्यांना सेवामुक्त करण्यात आले. अपंगत्व वीस टक्के ठरले. पण विकार प्रकृतिगत आहे, सेवेशी त्याचा संबंध नाही, असा शेरा बोर्डाने मारला आणि निवृत्तिवेतन नाकारले गेले. भरतीच्या कागदांत या आजाराची नोंद नव्हती. बोर्डाने आपल्या मताची कारणेही दिली नव्हती. जुलै २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जवानाच्या बाजूने निर्णय दिला. म्हणजे नियमात आधीपासूनच लिहिलेले पदरात पडायला एकोणीस वर्षे लागली.

हा प्रश्न आपल्या नंदुरबार जिल्ह्याला निराळ्या रीतीने भिडतो. सातपुड्याच्या कुशीतील भिल्ल, पावरा, मावची, कोकणी समाजांत सिकलसेलचा दोष पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. माता किंवा पिता यांपैकी एकाकडूनच हा दोष मिळालेला माणूस केवळ वाहक असतो. तो शेतात राबतो, डोंगर चढतो, धावण्याच्या शर्यतीही जिंकतो. आपण वाहक आहोत हे त्याला पुष्कळदा ठाऊकही नसते. मात्र अतिउंचावरील विरळ हवेत अशा माणसाच्या रक्तपेशी विळ्याच्या आकाराच्या होऊन प्लीहेचा रक्तपुरवठा तुटू शकतो. वैद्यकशास्त्राला हे ठाऊक आहे.

आता समजा, अक्कलकुव्याचा एक तरुण धडधाकट म्हणून भरती झाला आणि पुढे लडाखच्या ठाण्यावर त्याची प्लीहा निकामी झाली. हा आजार जन्माचा की सेवेचा? दोष जन्माबरोबर आला हे खरे. पण तो तरुण डोंगरपायथ्याच्या आपल्या गावी राहता, तर बहुधा म्हातारपणापर्यंत निरोगी राहिला असता. ‘सेवेमुळे बळावलेला’ हे शब्द नियमात आहेत ते अशाच माणसासाठी. असे असता ‘प्रकृतिगत’ या एका शब्दाने बोर्ड त्याला घरी पाठवील, तर भरतीच्या दिवशी ज्या शरीराला शासनाने योग्य म्हटले त्याच शरीराला निरोपाच्या दिवशी दोषी ठरवले, असे होईल. आमच्या मते हा अन्याय आहे.

दुसरी बाजूही प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. निवृत्तिवेतनाचा पैसा जनतेचा आहे आणि खोटे दावे करणारेही असतात. महालेखापरीक्षकांच्या २०२३ मधील अहवालानुसार अपंगत्व-निवृत्तिवेतनासह निवृत्त होण्याचे प्रमाण जवानांपेक्षा अधिकाऱ्यांमध्ये सुमारे दुप्पट होते. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात नवी नियमावली आली आणि कसोट्या अधिक काटेकोर झाल्या. मग भरतीच्या वेळीच वाहकांना वगळावे काय? अमेरिकेत १९६८-६९ मध्ये फोर्ट ब्लिस येथील प्रशिक्षणात चार वाहक जवान दगावले. पुढे तेथील हवाई दल अकादमीने वाहकांना प्रवेशच बंद केला. कृष्णवर्णीयांना त्याची झळ बसली आणि १९८१ मध्ये ती बंदी उठवावी लागली. सावधगिरीच्या नावाखाली एका समाजाला दार बंद करणे, हा न्याय नव्हे. रक्त तपासावे, कोणाला कोठे धाडू नये ते ठरवावे, आणि शासनाने न तपासता धाडले असेल तर त्याचा भार शासनाने उचलावा.

हात आखडतो तो नेहमीच दुष्टपणामुळे नव्हे. नकार लिहिणाऱ्याला सहसा कोणी जाब विचारत नाही. होकार लिहिणाऱ्याला मात्र विचारले जाईल अशी भीती असते. शंकेचा लाभ देणे म्हणजे ती शंका स्वतःच्या सहीने अंगावर घेणे. कफर्णहूमचा शताधिपती हाही हुकमाचा ताबेदार होता, शिस्तीत मुरलेला होता. तरीही आपल्या आजारी चाकराची कड घेऊन तो प्रभूकडे याचक म्हणून गेला. अधिकार आणि करुणा एका माणसात नांदू शकतात, याचा तो साक्षीदार आहे.

आणि आपण? निकालाविरुद्ध दाद मागण्यासाठी सशस्त्र दल न्यायाधिकरणाचे पीठ मुंबईला आहे. धडगावच्या माणसाला नंदुरबार गाठायलाच घाट ओलांडावा लागतो, आणि कागद असतात इंग्रजीत. ज्याला वाचता येते त्याला नियम उपयोगी पडतो. ज्याला येत नाही त्याच्या दृष्टीने तो लिहिलेलाच नसतो. प्रत्येक धर्मग्रामात कोणी शिक्षक, कोणी निवृत्त कारकून असतो. सेवेतून आजारी परतलेल्या शेजाऱ्याचे कागद, मग तो कोणत्याही धर्माचा असो, त्यांनी एका संध्याकाळी वाचून द्यावेत. बोर्डाने कारणे लिहिली आहेत का ते पाहावे. नसतील तर ती मागणारा अर्ज लिहून द्यावा. आजाऱ्याची सेवा करावी ही आपल्याला मिळालेली आज्ञा आहे, आणि त्याचा अर्ज लिहून देणे हीसुद्धा सेवाच आहे.