घट्ट बोल्ट, ढिला लिव्हर

गिअरचा लिव्हर ढिला झाल्याचे सर्वांत उशिरा कळते ते गाडीच्या मालकाला. पाय हुशार असतो. थोडे जास्त दाबले की गिअर पडतो हे तो कोणाला न विचारता शिकतो आणि शिकलेले मालकाच्या कानावर घालत नाही. मग कधीतरी मेहुणा गाडी घेऊन कोपऱ्यावर जातो आणि परत येऊन विचारतो, "दाजी, हिचा दुसरा पडतो तरी कुठे?" दाजी म्हणतात, "पडतो की! जरा दाबून टाकायचा." त्या 'जरा'मध्ये दोन-चार वर्षे सहज निघून गेलेली असतात.

ज्या दोषाची सवय झाली तो दोष उरत नाही. तो गाडीचा स्वभाव होतो. आणि स्वभावाला पाना लावायचे कोणाच्या मनात येत नाही.

*

रचना अगदी साधी आहे. इंजिनातून एका शाफ्टचे टोक बाहेर येते. त्याच्या अंगावर बारीक उभे दाते कोरलेले असतात. लिव्हरच्या भोकात तसेच दाते असतात. दात्यात दाता बसतो. भोकाला एका बाजूने चीर दिलेली असते आणि चिरेच्या दोन ओठांमधून एक आडवा बोल्ट जातो. तो आवळला की ओठ जवळ येतात आणि भोक शाफ्टला घट्ट धरते. बहुतेक गाड्यांत बोल्टसाठी शाफ्टलाही एक खाच असते, म्हणून बोल्ट नुसता सैल करून लिव्हर निघत नाही. तो पूर्ण काढावा लागतो. हे ठाऊक नसलेला माणूस स्क्रू ड्रायव्हर घालून लिव्हर उचकटतो, आणि चांगल्या दात्यांची वाट तिथे लागते.

सहा मिलिमीटरचा बोल्ट, त्याला १०चा पाना. एवढ्यावर गाडीचे सगळे गिअर टांगलेले असतात.

*

तरफ फार प्रामाणिक असते. ती जे वाढवते ते दोन्ही दिशांनी वाढवते.

शाफ्ट १२ मिलिमीटर जाडीचा धरू, म्हणजे दाते मध्यापासून सहा मिलिमीटरवर. लिव्हर १२ सेंटिमीटर लांब धरू. वीस पट अंतर झाले. पायाने १० किलो जोर दिला तर दात्यांवर २०० किलो येतो. हा झाला फायदा. आता उलट बाजूने पाहा. दात्यांत पाव मिलिमीटर जागा झाली तर पायाशी ती पाच मिलिमीटर होते. जी फट डोळ्याला दिसत नाही ती बोटांना कळते.

टाच लागली की हिशेब आणखी वाढतो. १९८५ साली आलेल्या हिरो होंडा सीडी १००ला आणि १९९४च्या स्प्लेंडरला पुढे-मागे दोन पेडल असलेला लिव्हर होता. पुढच्या टोकाने गिअर वाढवायचा, मागचे टोक टाचेने दाबून कमी करायचा. आपल्याकडे ही सोय रुजली, कारण आपला चालक चप्पल घालून बसतो, आणि ऑफिसला जाणाऱ्याला बुटाचे टोक खराब झालेले चालत नाही. पण बोटे दाबतात आणि टाच हाणते. घाटात दुधाचे कॅन लादलेली गाडी तिसऱ्यावरून दुसऱ्यावर आणताना माणूस टाचेवर अर्धे अंग टाकतो. तो भार त्या बारीक दात्यांवर जातो.

म्हैसूरच्या आयडियल जावाने केलेल्या येझदीत याच्याही पुढची गोष्ट होती. गिअरचा दांडा आत दाबून फिरवला की तीच किक. एकाच दांड्याने गाडी सुरूही करायची आणि पळवायचीही. दोन कामे करणाऱ्या वस्तूचे कौतुक सगळे करतात. तिची झीजही दुप्पट, हे फक्त गॅरेजवाल्याला माहीत असते.

*

ढिलेपणा आहे तेवढा राहत नाही. दात्याला जागा मिळाली की तो नुसता ढकलत नाही, आधी थोडा धावतो आणि मग आदळतो. आदळला की झिजतो, झिजला की जागा वाढते, जागा वाढली की आणखी लांबून धावत येतो. सुरुवातीला पावसापाण्याने किंवा थरथरीने बोल्ट एवढासा सैल झालेला असतो. पुढचे काम ढिलेपणा स्वतःच करतो.

आपल्याकडे खुंटा हलवून बळकट करतात. मातीतल्या खुंट्याला ते जमते. हलला तर भोवतीची माती पुन्हा ठोकता येते. पोलाद तेवढे दिलदार नाही. त्यातून निघालेला कण परत बसत नाही.

तो कण कुठे जातो? लिव्हर काढून पाहावा. दात्यांच्या मुळाशी तांबूस भुकटी सापडते. लोक तिला धूळ म्हणून पुसतात. ती धूळ नव्हे. दोन पोलादी अंगे एकमेकांवर थरथरत घासली गेली की त्यांचा चुरा होतो आणि तो गंजतो, तोच हा. लिव्हर किती दिवस हलत होता याचा जबाब मालकापेक्षा ती भुकटी खरा देते.

*

बाहेरचा दोष बाहेर राहील असे समजणे ही मालकाची भाबडी आशा असते.

पाय ठरलेले अंतर चालतो. त्यातले थोडे ढिल्या दात्यांत खर्च होते आणि उरलेले आत पोचते. आत एक ड्रम फिरतो. ड्रमच्या खोबणीत अडकलेले फोर्क सरकतात आणि ते गिअरला गिअरशी जोडतात. निरोप अर्धा पोचला तर जोडही अर्धाच होतो. मग वेग घेताना गिअर सुटतो, इंजिन ओरडते, गाडी पुढे जात नाही. प्रत्येक सुटण्यात आतल्या गिअरचे कान गोल होतात. गोल झालेले कान पुढच्या वेळी आणखी लवकर सुटतात. बाहेर दहा मिनिटांचे काम होते. आत गेल्यावर तेच इंजिन उघडण्याचे काम होते.

दुर्लक्षाला व्याज लागते, आणि ते वेगळ्याच खात्यातून कापले जाते.

*

पण सगळाच ढिलेपणा दोष नसतो. हे न कळणारा मेकॅनिक ढिल्या लिव्हरपेक्षा जास्त नुकसान करतो.

प्रत्येक गिअर पडल्यावर आतली स्प्रिंग लिव्हरला मध्यावर परत आणते आणि आतला आकडा पुढचा खिळा पकडण्यासाठी मागे सरकतो. तेवढ्यासाठी थोडी मोकळीक मुद्दाम ठेवलेली असते. ती काढून टाकली तर आकडा मागे येणार नाही आणि पुढचा गिअर पडणार नाही. मोकळीक आणि ढिलेपणा हाताला सारखेच लागतात. एक आखलेली असते, दुसरा झालेला असतो.

फरक ओळखायला खडू पुरतो. शाफ्टच्या टोकावरून लिव्हरवर एक सरळ रेघ ओढावी आणि लिव्हर हाताने हलवावा. रेघ तुटली, म्हणजे लिव्हर हलला आणि शाफ्ट जागचा हलला नाही, तर दोष दात्यांत आहे. रेघ अखंड राहून दोन्ही मिळून हलले तर बाहेरचा बोल्ट निर्दोष आहे. एका रेघेत आतले आणि बाहेरचे वेगळे होते. इतका स्वस्त निवाडा माणसांच्या भांडणात मिळत नाही.

*

आता या गोष्टीचे मर्म.

लिव्हर ढिला आहे म्हणून माणूस बोल्ट आवळतो. पुन्हा ढिला होतो, पुन्हा आवळतो. शेवटी पान्यात पाइप घालून आवळतो. बोल्टचे आटे जातात किंवा त्याचे डोके हातात येते. तरीही लिव्हर हलतच असतो. बोल्ट घट्ट आणि लिव्हर ढिला, हे एकाच वेळी खरे असू शकते असे कोणाच्या मनातच येत नाही.

कारण चिरेत असते. झीज भरून काढता काढता चिरेचे दोन ओठ एकमेकांना टेकलेले असतात. त्यानंतर बोल्ट ओठांना ओठांवर दाबतो. शाफ्टपर्यंत काहीच पोचत नाही. सगळा जोर खरा असतो, फक्त तो भलत्या ठिकाणी पोचतो.

लिव्हर धरतो तो चिरेमुळे. अखंड भोक असते तर त्याने शाफ्टला कधी कवटाळलेच नसते. जे थोडे जवळ येऊ शकते तेच धरू शकते, आणि जवळ यायला आधी अंतर लागते. ज्याने आपले सगळे अंतर संपवले त्याला कितीही आवळले तरी तो कोणाला धरत नाही.

म्हणून गॅरेजमधला जुना इलाज वरवर उलटा वाटतो. दाते अजून शाबूत असतील तर हॅक्सॉचे पाते त्या चिरेतून एकदा फिरवून ती रुंद करायची. घट्ट करण्यासाठी आधी कापायचे. रॉकेल आणि तारेच्या ब्रशने दाते साफ करायचे, लिव्हर पायाच्या उंचीला धरायचा आणि शाफ्टवर पूर्ण आत बसवायचा. इथे घाई चालत नाही. शाफ्टवर २४ दाते असतील तर एक दाता म्हणजे १५ अंश, आणि १२ सेंटिमीटरच्या लिव्हरच्या टोकाशी ते तीन सेंटिमीटर होतात. एका दात्याने चुकले तर पोटरी रोज तक्रार करते. मग स्प्रिंग वॉशर घालून बोल्ट आवळायचा. एवढ्या बोल्टला १० न्यूटन मीटरच्या आसपास ताण पुरतो. तो मनगटाने येतो, खांदा लावायची गरज नाही.

*

आवळत राहणे हा पहिला मोह, पत्र्याची पट्टी घालणे हा दुसरा. रॉबर्ट पर्सिग यांच्या १९७४च्या 'झेन अँड द आर्ट ऑफ मोटरसायकल मेंटेनन्स'मध्ये बरोबरच्या मित्राच्या बीएमडब्ल्यूचे हँडल ढिले होते. निवेदक त्याला बिअरच्या डब्याची पट्टी कापून घालायला सुचवतो. एवढ्या भारी गाडीत डब्याचा पत्रा, हे मित्राच्या पचनी पडत नाही. तिथे निवेदकाचे बरोबर होते. हँडल गुळगुळीत नळीचे असते, ते घर्षणाने धरले जाते आणि पट्टी घर्षण वाढवते. दात्यांचे तसे नाही. पट्टी दात्यांमधल्या दऱ्या भरते आणि दात्याला दाता भेटू देत नाही. गावापर्यंत पोचायला ती चालते. गावात पोचल्यावरही ती तशीच राहिली तर तो इलाज नव्हे, उधारी.

इलाज जुगाड आहे की नाही हे त्याच्या किमतीवरून ठरत नाही. तो त्या जागेचा स्वभाव ओळखून केला आहे का, यावर ठरते.

*

तिसरा मोह वेल्डिंगचा. लिव्हर शाफ्टला कायमचा डागून टाकायचा. पुन्हा ढिला होणार नाही हे खरे. पुन्हा निघणारही नाही. शाफ्टच्या मुळाशी रबरी ऑइल सील असते. डागताना ते जळते आणि तेल झिरपू लागते. ते बदलायला लिव्हर काढावा लागतो. बऱ्याच गाड्यांत त्या बाजूचे कव्हरही लिव्हर काढल्याशिवाय उघडत नाही. म्हणजे एक बोल्ट कायमचा पक्का करण्यासाठी पुढच्या सगळ्या दुरुस्त्यांची दारे बंद केली.

कायमचा उपाय बहुधा पुढच्या माणसाच्या अंगावर टाकलेले काम असते.

*

शाफ्ट कठीण केलेला असतो, लिव्हर बहुधा त्याहून मऊ. हा कंजूषपणा नाही. दोघांपैकी एक झिजणार हे आखणाऱ्याला माहीत होते, म्हणून त्याने झीज स्वस्त, बाहेरच्या, सहज बदलता येणाऱ्या वस्तूकडे वळवली. नवा लिव्हर काही शे रुपयांत येतो आणि मजुरीही फारशी लागत नाही. शाफ्ट बदलायला इंजिनात हात घालावा लागतो. म्हणून मऊ वस्तूचा हट्टाने बचाव करू नये. जुना लिव्हर आणखी एक पावसाळा ओढणारा शेवटी कठीण शाफ्टचे दातेही खाऊन बसतो, आणि मग त्याच्यापुढे खरोखरच वेल्डिंगवाला उरतो.

नवा लिव्हर बसवल्यावर काही दिवसांनी पुन्हा पाना लावून पाहावा. नवे अंग जागेवर बसताना थोडे दबते. बोल्ट पुरता आवळूनही चिरेत उजेड दिसत असेल तर पकड शिल्लक आहे. चीर मिटली असेल तर पुन्हा आवळू नये. लिव्हर काढावा.