स्वखुशीने

आखाजीला खान्देशात लेकी माहेरी येतात. झाडाला झोका बांधलेला असतो, खापरावरच्या पुरणपोळ्या आणि आमरस असतो, गौराईची गाणी असतात. लेक चार-आठ दिवस उशिरा उठते, आईच्या हातचं खाते, जुन्या मैत्रिणींना भेटते. मग भाऊ तिला एसटीत बसवून देतो. याला माहेरपण म्हणतात. शब्द गोड आहे, पण त्याला एक अट आहे आणि ती कोणी बोलून दाखवत नाही. परत जायचं असतं.

हीच लेक आखाजी नसताना, भर पावसाळ्यात, पोर कडेवर आणि दोन कपडे पिशवीत घेऊन दारात उभी राहिली तर? पहिल्या दिवशी आई काही न विचारता जेवायला वाढते. दुसऱ्या दिवशी शेजारीण विचारते, "ताई अचानक कशी काय?" आठवडाभरात घरातलंच कोणीतरी म्हणतं, "चार माणसं बसवू." चार माणसं बसतात. मामा असतो, सासरकडचे दोघं असतात, समाजात वजन असलेला एखादा असतो. बायका आत चहा करत असतात. जावई मान खाली घालून म्हणतो, पुन्हा होणार नाही. कधी कधी कागदही होतो. त्यावर दोघांच्या सह्या असतात, की आम्ही स्वखुशीने एकत्र नांदायला तयार आहोत.

मला त्या एका शब्दाबद्दल बोलायचं आहे. स्वखुशीने.

ती परत गेली की लोक दोन प्रकारे बोलतात. मोठी माणसं म्हणतात, शहाणी निघाली, संसार वाचवला. आपल्या वयाचे लोक वैतागतात. एवढा मार खाऊन परत जातेच कशी? आम्ही असतो तर एक दिवस थांबलो नसतो. ऐकायला ही दोन टोकं वाटतात, पण दोघांनीही एक गोष्ट गृहीत धरलेली असते, ती म्हणजे तिने निवड केली. निवड करायला निदान दोन दारं उघडी लागतात. ज्या बैठकीत एका बाजूला घर आहे आणि दुसऱ्या बाजूला फक्त ती पिशवी आहे, तिथे जे ठरतं त्याला तडजोड म्हणणं मला जड जातं.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची पाचवी फेरी २०१९–२१ मध्ये झाली. देशभरात शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकी फक्त १४ टक्के स्त्रियांनी कोणाकडे तरी मदत मागितल्याचं त्यात दिसलं. ज्यांनी मागितली, त्यातल्या बहुतेकींनी ती स्वतःच्या घरच्यांकडेच मागितली. पोलीस, वकील, संस्था या यादीत फार खाली येतात. म्हणजे आपल्याकडचा सगळ्यात मोठा आसरा आजही माहेरच आहे. पाटी नसलेला, आणि मुक्काम किती दिवसांचा ते न सांगणारा.

आता मूळ प्रश्नाकडे. घरात मारहाण होत असेल, तर घर कोणी सोडायचं? आपण इतक्या सहजपणे 'तिने निघावं' म्हणतो, की दुसरं उत्तर असू शकतं हेच सुचत नाही. दुसऱ्या कुठल्याही गुन्ह्यात आपण असं म्हणत नाही. दुकानात येऊन कोणी दुकानदाराला मारलं, तर दुकानदाराने दुसरं गाव गाठावं असा सल्ला कोणी देत नाही.

कायद्याने मात्र हे दुसरं उत्तर लिहून ठेवलं आहे. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण करणारा २००५ चा कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू झाला. त्याच्या कलम १७ प्रमाणे, घर कोणाच्याही नावावर असो, बाईला त्या सामाईक घरात राहण्याचा हक्क आहे. कलम १९ खाली न्यायदंडाधिकारी नवऱ्यालाच घराबाहेर राहण्याचा आदेश देऊ शकतात, किंवा तिला त्याच तोडीची दुसरी जागा घेऊन द्यायला, तिचं भाडं भरायला सांगू शकतात. (घरातल्या बाईला, म्हणजे सासूला, असं बाहेर काढता येत नाही. हे कलम करणाऱ्यांना आपली घरं माहीत होती.)

यावर लगेच एक पळवाट निघाली. कायदा लागू होऊन दोन महिनेही झाले नव्हते, तोच डिसेंबर २००६ मध्ये 'बत्रा' खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की घर सासूच्या मालकीचं असेल तर सुनेला तिथे राहण्याचा हक्क मागता येत नाही. आपल्याकडे किती नवऱ्यांच्या नावावर घर असतं? घर आबांच्या नावावर, शेत आजोबांच्या, गाडी तेवढी त्याच्या. जवळपास चौदा वर्षं हा निकाल सुनांच्या वाटेत उभा राहिला. १५ ऑक्टोबर २०२० रोजी 'आहुजा' खटल्यात तीन न्यायमूर्तींच्या पीठाने तो चुकीचा ठरवला. ती तिथे नांदली असेल, तर सासऱ्यांच्या मालकीचं घरही सामाईक घर ठरू शकतं. हा हक्क अमर्याद नाही, म्हाताऱ्या सासू-सासऱ्यांच्या शांततेचाही विचार करावा लागेल, असंही न्यायालय म्हणालं. मला ते पटतं. पण आधी हक्क मान्य करून मग तोल साधणं वेगळं, आणि हक्कच नाही म्हणून दार लावणं वेगळं.

'नांदणं' या शब्दाकडेही एकदा बघायला हवं. मराठीत घरात सुख नांदतं, गोकुळ नांदतं. बाईलाही नांदायलाच पाठवतात. बत्रा निकालाच्या काळात मात्र याचा अर्थ असा होत होता, की नांदायचं तिने, घर दुसऱ्याचं.

पण इथे थांबलं तर मी कायद्याची जाहिरात केल्यासारखं होईल. 'घर तुझंही आहे' असा आदेश हातात असतो आणि रात्री अकराला तो माणूस दारू पिऊन त्याच घरात येतो. कागद रात्री मध्ये पडत नाही. अर्जाची पहिली तारीख साधारण तीन दिवसांत आणि निकाल साठ दिवसांत, अशी अपेक्षा कायद्यातच लिहिलेली आहे, आणि तारखा कशा पडतात हे न्यायालयाची पायरी चढलेल्यांना वेगळं सांगायला नको. म्हणून 'राहा, तुझा हक्क आहे' हेसुद्धा तिच्यावर लादता येत नाही. तो माणूस किती चिडतो, कशाने चिडतो, कोणत्या दिवशी हात उचलेल, याचा अंदाज तिच्याइतका कोणालाच नसतो. 'परत जा' म्हणणारे मामा आणि 'आजच्या आज निघ' म्हणणारी मैत्रीण, दोघंही तिच्या जागी स्वतः निर्णय घेत असतात. मैत्रिणीचा हेतू चांगला असतो, एवढाच फरक. तिने विचारावं ते एवढंच, की तुला काय करायचंय, आणि त्यासाठी माझ्याकडून काय हवंय?

त्यासाठी काय काय असतं, हे मात्र मैत्रिणीला माहीत हवं.

समजा, चोपड्याची मुलगी सुरतेला दिली आहे. खान्देशातली अर्धी नाती सुरतेतच आहेत. ती मार खाऊन चोपड्याला आली, तर तिला वाटतं की आता केस करायला सुरतेच्या खेपा घालाव्या लागतील. लागत नाहीत. ती आत्ता जिथे राहते, तात्पुरती का होईना, तिथल्या न्यायालयात २००५ च्या कायद्याखाली अर्ज करता येतो. नवऱ्याच्या छळाची फौजदारी तक्रारही आसरा घेतला त्या ठिकाणी करता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१९ मध्ये स्पष्ट केलं. भारतीय दंड संहितेचं जुनं ४९८-अ आता भारतीय न्याय संहितेत कलम ८५ म्हणून आहे. वकिलासाठी पैसे नसले तरी अडत नाही. बाईला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय जिल्हा न्यायालयातच असतं, फोन १५१००. १८१ हा महिला हेल्पलाइनचा, जीव धोक्यात असेल तर ११२. संरक्षण अधिकारी नावाचा सरकारी माणूस असतो. घरात काय घडलं याचा अहवाल तयार करून न्यायालयात देणं आणि तिला सुरक्षित जागी पोचवणं हे त्याचं कामच आहे, उपकार नाही. २०१५ पासून 'सखी वन स्टॉप सेंटर' योजना आहे. तिथे दवाखाना, पोलीस, वकील, समुपदेशन यांची सोय एका छताखाली होते आणि पाच दिवसांपर्यंत राहताही येतं. त्यापुढे लांब मुक्कामाची निवारागृहं आहेत, त्यांना आता 'शक्ती सदन' म्हणतात.

हे सगळं तिला व्हॉट्सॲपवर पाठवायचं नाही. तिचा फोन तोही बघत असतो. कॉल लॉग बघतो, लोकेशन चालू ठेवायला लावतो. नंबर छोटे आहेत, तोंडी सांगितले तर लक्षात राहतात. आधार, बँक पासबुक, मुलांचे जन्मदाखले, दवाखान्याचे कागद यांचे फोटो तुमच्या फोनमध्ये ठेवा, तिच्या नको.

आणि तरीही ती निवारागृहाचं नाव काढलं की मान हलवते. का, हे समजून घेतलं पाहिजे. 'आश्रमात राहिलेली बाई' हा शिक्का आपल्याकडे फार जुना आहे. पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन काढलं, पुढे ते पुण्यात आणलं. १८९३ मध्ये धर्मांतराच्या आरोपांवरून गदारोळ झाला आणि अनेक पालकांनी आपापल्या मुली तिथून काढून नेल्या. त्या वादात कोणाचं किती खरं होतं यावर आजही लिहिता येईल. पण नेल्या कुठे? ज्या घरांतून त्या आल्या होत्या, तिथेच.

जळगावचं उदाहरण अगदी अलीकडचं आहे. मार्च २०२१ मध्ये तिथल्या आशादीप शासकीय महिला वसतिगृहाबद्दल बातमी आली, की आतल्या मुलींना पोलिसांसमोर कपडे काढून नाचायला लावलं. दोन दिवस राज्यभर खळबळ होती, विधानसभेत गोंधळ झाला. महिला अधिकाऱ्यांच्या समितीने चौकशी केली आणि असा प्रकार घडलाच नाही, असं तेव्हाचे गृहमंत्री अनिल देशमुख यांनी सभागृहात सांगितलं. विषय संपला. पहिली बातमी जिथवर गेली तिथवर दुसरी पोचली असेल, असं मला वाटत नाही. धरणगाव किंवा शिरपूरच्या एखाद्या बाईने मनात ठरवून ठेवलं असेल, की फारच झालं तर वसतिगृहात जाईन, तर तिने त्या दिवशी काय ठरवलं असेल? त्या मुली जेवतात काय, त्यांच्या खटल्यांचं काय झालं, बाहेर पडल्यावर त्या राहतात कुठे, हे कोणी त्या दोन दिवसांत विचारलं नाही, आणि नंतर तर नाहीच. अशा जागांवर लक्ष असायलाच हवं, आरोप झाला तर चौकशी व्हायलाच हवी. पण निवारागृहाची आठवण आपल्याला फक्त तिथल्या लफड्याच्या बातमीपुरती येत असेल, तर त्याचं दार बंद करण्यात आपलाही हात असतो. शिवाय आत जाण्याची किंमतही तिला मोजावी लागते. येण्याजाण्याच्या वेळा, नियम, आणि ठरावीक वयापुढचा मुलगा आईसोबत राहू शकत नाही. सुरक्षितता हवी तर थोडं स्वातंत्र्य आणि कधी एक लेकरू बाहेर ठेव, असा तो सौदा आहे.

रखमाबाईंची गोष्ट बहुतेकांना माहीत असते. १८८४ मध्ये नवऱ्याने दावा लावला, मार्च १८८७ मध्ये न्यायालयाने सांगितलं, नांदायला जा नाहीतर सहा महिने कैद. त्यांनी कैद चालेल म्हणून सांगितलं. त्यांचं धैर्य आपण शिकवतो, आणि ते होतंच. पण एक तपशील आपण गाळतो. आईने दुसरं लग्न करताना, पहिल्या नवऱ्याकडून आलेली मालमत्ता या लहान मुलीच्या नावावर केली होती. रखमाबाई 'नाही' म्हणत होत्या तेव्हा त्यांच्या डोक्यावर स्वतःचं छप्पर होतं. पुढे त्या डॉक्टर होऊन सुरतेलाच नोकरीला गेल्या.

आपल्या बहिणींना ते छप्पर कायद्याने मिळालेलं आहे. हिंदू कुटुंबातल्या मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतकाच वाटा महाराष्ट्राने १९९४ मध्ये दिला, देशभर तो २००५ मध्ये आला. वडील २००५ पूर्वी वारले असले तरी तो हक्क जात नाही, हे ऑगस्ट २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पक्कं केलं. आणि म्हणून गावोगाव हक्कसोडपत्रं होतात. वडील गेल्यावर वर्षभरात कधीतरी भाऊ फोन करतो, "ताई, एक दिवस ये, सही लागेल." तिला साडी घेतात, जेवण होतं, गाडीने सोडायला जातात. भाऊ वाईट नसतात. बहुतेकदा जमीन खरंच थोडी असते आणि कर्ज खरंच जास्त असतं. बहिणीलाही माहेर तुटायला नको असतं. वाटा मागितला तर आखाजीचं बोलावणं थांबेल, हे तिला कोणी सांगावं लागत नाही.

सात-आठ वर्षांनी तीच ताई पिशवी घेऊन येते, आणि वहिनी हळूच विचारते, किती दिवस आहात? आता तिला घरात ठेवायचं की नाही हा भावाच्या मनाच्या मोठेपणाचा प्रश्न होतो. तो मोठ्या मनाचा असेलही. पण ज्या घरात राहण्यासाठी दुसऱ्याचं मन मोठं असावं लागतं, तिथे माणूस पाहुणाच असतो.

दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात गर्दी असते. बाहेर झेरॉक्सचं दुकान, आत अंगठ्याचं मशीन, कॅमेऱ्यासमोर बसायला एक खुर्ची. बहिणीचा फोटो निघतो, बोटांचे ठसे घेतात. कारकून कागदावरून नजर न काढता विचारतो, वाचलं ना, स्वखुशीने करून देताय ना? भाऊ मागे उभा असतो. तिचा नवरा गाडी लावून बाहेर थांबलेला असतो. ती हो म्हणते.