निकालातला दुसरा रकाना

वालीवला लेथचा गाळा चालवणारे माझे एक स्नेही आहेत. जुन्या मोटरशर्यतींचे निकाल चाळत बसण्याचं माझं वेड त्यांना अजिबात मान्य नाही. परवा म्हणाले, "खासगी स्पर्धक कसले हो? पैसेवाल्यांची हौस ती!" ते वाक्य डोक्यातून जाईना.

स्टर्लिंग मॉस कोण, हे सांगत बसत नाही. निकालात मी आधी दुसरा रकाना बघतो, गाडी कोणी उतरवली त्याचा. 14 मे 1961, मोनॅको. पहिला मॉस, गाडी लोटस. पण उतरवली रॉब वॉकर या खासगी स्पर्धकाने, लोटस कंपनीने नव्हे. मागे ओळीने तीन फेरारी, तिन्ही कारखान्याच्या. शंभर फेऱ्या आणि अंतर 3.6 सेकंद! लोटसची नवी गाडी वॉकरला मिळालीच नव्हती, कारण त्याचा करार एका तेल कंपनीशी आणि लोटसचा दुसरीशी. म्हणून आदल्या वर्षीचीच गाडी आणली. सुटायच्या आधी मॉसला चौकटीची एक नळी तडकलेली दिसली. टाक्या पेट्रोलने भरलेल्या. त्यांच्यावर ओल्या चिंध्या टाकून मेकॅनिक आल्फ फ्रान्सिसने जागेवरच वेल्डिंग उरकलं.

"आणि त्याचं नाव कुठल्या रकान्यात?" स्नेह्यांनी विचारलं. कुठल्याच नाही. इथे मात्र मी गप्प झालो.

माझं म्हणणं एवढंच होतं की हौस वेगळी, धंदा वेगळा. धंद्यात हरलं तर हिशेब द्यावा लागतो, हौसेत हरलेला पुढच्या रविवारी पुन्हा येतो. "पोट भरलेलं असेल तर येतो," ते म्हणाले. वॉकर हा जॉनी वॉकर व्हिस्कीवाल्या घराण्यातला, त्यामुळे हा वार नेमका बसला. पण पैसा तर फेरारीकडेही होता, आणि हौस काय फक्त बंगल्यातच राहते? आपल्याकडे बैलगाडा शर्यतीत माळावर लाऊडस्पीकरवरून पुकारा होतो तो मालकाच्या आणि बैलांच्या नावाने. 2014 ला सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली, डिसेंबर 2021 मध्ये शर्यतींना परवानगी मिळाली. मधली सात वर्षं शर्यतीच्या बैलांना खुराक घालत राहिलेल्यांना कोणी श्रीमंत म्हणणार नाही. त्यांच्यात कारखान्याचा संघ नसतोच, सगळेच खासगी.

असो. माझ्या म्हणण्यात घोळ 1968 ने केला. वॉकरची लोटस 49 त्याचा चालक सिफर्टने सरावात आपटली आणि मग गॅरेजला आग लागून ती पार जळाली. पुन्हा गाडी मिळवली. 20 जुलैला ब्रँड्स हॅचला कंपनीच्या दोन्ही लोटस, हिलची आणि ऑलिव्हरची, पुढे असताना बंद पडल्या, आणि वॉकरची लोटस जिंकली. खासगी संघाचा तो फॉर्म्युला वनमधला शेवटचा विजय मानतात. मी तो वॉकरच्या खाती मांडत आलोय. पण आपल्यालाच हरवू शकेल अशी गाडी लोटसच्या कॉलिन चॅपमनने त्याच्या हाती दिली होती! चॅपमन मला कधी आवडला नाही. तरी त्या निकालात निम्मं श्रेय त्याच्या विक्रीपावतीचं आहे, हे आता नाकारता येत नाही.

पुढे 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला प्रत्येक संघाने स्वतःची गाडी स्वतःच बांधावी असं ठरलं आणि दुसरा रकाना निरर्थक झाला. पैसेवाले तेव्हाही होते, हौसही होती. विकायला कोणी उरलं नव्हतं.